मेबलचं थांबणं

दफनाच्या दुसऱ्या दिवशी व्हर्नाआत्यानं बाबांचे कपडे अंगणात जाळले. आमच्या घरात तशी रीत आहे. गेलेल्याचं काही मागे ठेवायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. नाहीतर तो वाटेत मागे वळून बघत राहतो. बूट जळायला वेळ लागला. मी ते काठीनं आत सरकवत होते आणि संध्याकाळी जेवायला काय करावं याचा विचार करत होते. बॉईसी शहरातल्या माझ्या घरी शोकावरच्या पुस्तकांचा एक अख्खा कप्पा आहे. आधी काय येतं, मग काय येतं, सगळं वाचलेलं होतं. त्यातलं काही आलं नाही.

त्यांचं खोगीर चुलतभावाला दिलं, दोर शेजाऱ्यांना. उरली मेबल.

मेबल तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची कुमैत घोडी, बाबांनी शिकवायला घेतलेलं शेवटचं शिंगरू. तिच्या तोंडात अजून लगामाचं लोखंड गेलं नव्हतं. नाकावर विणलेल्या कातड्याचा फास आणि त्याला आयाळीच्या केसांचा वळलेला दोर, एवढ्यावरच बाबा तिला फिरवत. पलीकडच्या रँचवरची पोरं महिनाभरात घोडा तयार करून मोकळी होत. बाबा म्हणत, "घाईनं शिकवलेला घोडा आणि अर्धाकच्चा घेवडा, दोन्ही नंतर त्रास देतात."

आता मात्र तिच्यावर कुणालाच बसता येत नव्हतं. ती उधळत नव्हती, चावत नव्हती. खोगीर मुकाट्यानं चढवू द्यायची. पण रिकिबीत पाय घातला, की अंग चोरून बाजूला सरकायची आणि माणूस एका पायावर उड्या मारत तिच्यामागे जायचा.

"या वयात नाचायला लावलं हिनं मला," डेलबर्टकाका धापा टाकत म्हणाले. ते बाबांचे धाकटे भाऊ. "त्याच्यापुढं कशी खांबासारखी उभी राहायची!"

"ती त्याची आहे," आत्या पायरीवरून म्हणाली. "तिलाही जाऊ दे. शनिवारी ट्रक येतोय."

"आत्या, घोडी म्हणजे काय बूट आहेत?"

"बुटांनी निदान डेलबर्टला नाचवलं नाही."

काका हसले नाहीत. आत्या आत गेल्यावर हळूच म्हणाले, "लिलावात हिला कोण घेणार गं? बसता येत नाही म्हटल्यावर?"

ते मला माहीत होतं. तशा घोड्या वजनावर कत्तलखान्यात जातात.

शुक्रवारी सकाळी मी माझं जुनं खोगीर काढलं. काका कुंपणाला टेकून उभे होते.

"खोगीर कुठल्या बाजूनं घालतात आठवतंय ना, मास्तरीणबाई?"

"आठवतंय."

"मग बॉईसीची पोरं शिकवतेस तशी हिला शिकव. नाहीच ऐकलं, तर नापास कर."

मी पहिल्यांदा पाय घातला, मेबल सरकली. दुसऱ्यांदा घातला, सरकली. काकांनी लसूणघासाचा एक गठ्ठा फोडून तिच्यापुढे टाकला, तेवढ्यानं तरी थांबेल म्हणून. तिनं तो हुंगलाही नाही. वाऱ्यानं त्यातली धूळ माझ्या तोंडावर उडवली. डावा हात आयाळीत तसाच ठेवून मी वाकले आणि खोकू लागले. खोकला लवकर थांबेना. कपाळ तिच्या खांद्याला टेकलं.

माझ्या हाताखाली तिचं अंग बदललं. तिनं चारही पाय नीट रोवले, कान माझ्याकडे वळवले, एक लांब श्वास सोडला आणि वाट बघत उभी राहिली.

सुट्टीत इथं आले, की असं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं. छाती बिघडल्यानंतरचे बाबा असेच आयाळीत हात घालून, तिच्या खांद्यावर वाकून खोकायचे. उबळ जाईपर्यंत मेबल हलायची नाही. मग ते चढायचे. दुसऱ्यांनी घोड्याला लावलेली बारीकशी वाईट खोडही त्यांना लांबून दिसायची. ही त्यांनी स्वतःच लावलेली, त्यांना कधी दिसली नाही. माणूस आधी खोकतो, मग चढतो. न खोकणारा माणूस मेबलच्या लेखी अजून तयारच झालेला नव्हता.

काका कुंपणापासून सरळ झाले. "पुन्हा कर."

मी मुद्दाम खोकले. अगदीच खोटं, शाळा बुडवणाऱ्या पोरासारखं. तरी मेबल उभी राहिली. मी रिकिबीत पाय घातला. ती हलली नाही. मी वर बसले.

घराचं दार उघडलं. आत्या बाहेर आली, तिच्या बोटांना पीठ लागलेलं होतं.

"कोण खोकलं?"

आत्यानं घोडीकडं पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं.

"मी खोकले, आत्या."

"त्याला बोलावू नकोस, पोरी."

"त्याला नाही. हिला सांगतेय, मी तयार आहे म्हणून."

आत्या बराच वेळ बोटांवरचं पीठ खरवडत राहिली. काका घसा खाकरणार होते, पण मेबलकडं बघून थांबले.

"सवय मोडता येईल तशी," ते म्हणाले. "हिवाळ्यापर्यंत मोडू आपण."

"नका मोडू."

"मग जन्मभर खोकत राहणार का तू?"

"हो."

"हे बघ," ते आत्याला म्हणाले, "भाऊ कमी हट्टी होता."

आत्या वळली. दारातून तिचा आवाज आला, "गळ्याला काहीतरी बांध. खरा खोकला लागला तर तुलाही मीच काढा देणार आहे. आणि डेलबर्ट, ट्रकवाल्याला फोन तू कर, मला त्याच्याशी बोलायचं नाही."

मी मेबलला रिंगणात दोन्ही बाजूंनी फिरवलं. केसांचा दोर तळहाताला टोचत होता. मला तेव्हाही रडू आलं नाही. काका फोन करायला आत गेले, तशी मी खाली उतरले. डावा हात पुन्हा आयाळीत घातला आणि खोकले.

मेबलनं पाय रोवले. कान वळवले.

मी चढले नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.