माझा पंखा बंद करा

मित्रांनो, मी एक जुन्या वाणाची गाय आहे आणि कालपर्यंत माझ्या डोक्यावर पंखा होता. या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या, याचा विचार करून करून माझे डोके पिकले आहे.

माझे वशिंड पाहा, गळ्याखाली लोंबणारी पोळी पाहा. हे सैल कातडे, हे आखूड केस उन्हासाठीच आहेत. भर दुपारी माणसे सावली शोधायची, तेव्हा माझी आई माळावर खुशाल चरायची. मीही पाच वर्षे तशीच काढली. मग कोणीतरी मोजदाद केली, आमच्या वाणाच्या चाळीसच गाई उरल्याचे कळले, आणि झाले! मला वाण जपणाऱ्या केंद्राच्या पक्क्या गोठ्यात आणले. वर पंखा, बाजूला पाण्याचा फवारा, कानात बिल्ला. माझी कालवड याच पंख्याखाली जन्मली.

"साहेब, यांना ऊन सोसतं. वासराला तरी बाहेर सोडू द्या," आमची देखभाल करणारे मामा रोज म्हणत.

"अहो मामा, चाळीसच उरल्यात! काही झालं तर वरचे मला फाडून खातील," केंद्राचे साहेब रोज म्हणत.

मी रोज शेपटी आपटत असे. लक्ष कोण देतो?

एका दुपारी वीज गेली. मी निवांत रवंथ करत होते. शेजारी सहा महिन्यांची कालवड तोंड उघडून धापा टाकू लागली आणि पाय दुमडून कोसळली. आमच्या घराण्यात उकाड्याने कोसळलेली ही पहिलीच! मामांनी बादल्या ओतून तिला कसेबसे सावरले. तोवर साहेब धावत आले. आणि म्हणाले काय? "बघितलंत? म्हणून पंखा लागतो! जनरेटरच मागवतो."

अस्सा राग आला म्हणता! पण मामांचाच आवाज चढला. "साहेब, जरा आईकडे बघा. वीज तिचीही गेली होती ना? तिला काय झालं? पोरीला तुम्ही उन्हाची ओळखच होऊ दिली नाही!"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून दार उघडू लागले. आधी कोवळ्या उन्हात थोडा वेळ, मग रोज थोडा जास्त. काल भर दुपारी कालवड शेपूट उंचावून आवारभर उधळली. साहेब घाम पुसत दारात उभे होते.

"मामा, हिला खरंच उकडत नाही?"

"उकडतंय तुम्हाला. पंखा तुमच्या खोलीत लावू का?"

माझ्या डोक्यावरचा काढून तिकडे लावला एकदाचा.

मित्रांनो, आम्हाला जपा, जरूर जपा. पण दार लावू नका. माझी लेक बाहेर खेळते आहे.