टिंब नसलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने दाखलखारीज रजिस्टर आहे. नाव ऐकून दचकू नका. पहिलीत नाव घालताना ज्या जाडजूड वहीत तुमचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख लिहितात, आणि शाळा सोडताना जिच्यातून दाखला उतरवून देतात, ती वही म्हणजे मी. हजेरी माझी धाकटी बहीण. ती वर्षभर मिरवते आणि उन्हाळ्यात गठ्ठ्यात बांधली जाते. मी मात्र त्रेचाळीस वर्षे एकाच लोखंडी कपाटात ठाण मांडून बसले आहे.

एरवी मी तुम्हाला माझ्या थोरवीच्या गोष्टी सांगितल्या असत्या. आज मला एक तक्रार सांगायची आहे. आणि ज्या माणसाने माझी सगळ्यांत जास्त काळजी घेतली, त्याचीच ती तक्रार आहे.

माझी पाने भंडाऱ्याच्या एका छापखान्यात आखली गेली. बाइंडरने खळ लावून, जाड दोऱ्याने शिवून मला लाल कापडाची पाठ दिली. एसटीत बसून मी पवनी तालुक्यातल्या या गावी आले. तलावाच्या पाळीखाली शाळा, शाळेसमोर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे. रोवण्याच्या दिवसांत अर्धी शाळा चिखलात असते, तेव्हा खिडकीतून बायकांची गाणी माझ्यापर्यंत येतात.

त्रेचाळीस वर्षांत मी सातशेच्या वर नावे सांभाळली. माझ्या एकाच पानावर तीन राजेंद्र आहेत. एक तहसील कार्यालयात बाबू आहे, दुसरा पानठेला चालवतो आणि तिसरा कुठे असतो ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. एक विद्याधर चौथीत तीनदा बसला. आणि ज्याच्या नावावर सगळा वर्ग हसायचा तो फकिरा आज मोठमोठे पूल बांधतो. तेव्हा नावावरून माणूस ओळखता येतो असे कुणी म्हटले की मला हसू येते. म्हणजे, यायचे.

मधली काही वर्षे माझे हाल झाले. कौले गळली, उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला, मागच्या पानांना वाळवी लागली. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. मग मागच्या उन्हाळ्यात लांजेवार सर बदलून आले.

काय सांगू मित्रांनो! सरांनी पहिल्याच दिवशी मला बाहेर काढून ऊन दाखवले. फाटकी पाने चिकटवली. नवे खाकी कव्हर घातले, त्यावर मोत्यासारख्या अक्षरात शाळेचे नाव लिहिले आणि वाळवी येऊ नये म्हणून कापूर ठेवला. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मी सरांवर अगदी जीव टाकला.

शाळा उघडायला दोन दिवस होते. मुले अजून गावात आंबे पाडत हिंडत होती. सर एकटेच वर्गात बसले, त्यांनी मला उघडले आणि यंदा पाचवीत बसणाऱ्या चौदा मुलांची नावे वाचायला घेतली. हातात पेन्सिल होती.

“योगेंद्र... हा शिकेल.” नावापुढे एक टिंब.

“धनंजय. हं. रुचिका. दामिनी. वा.” टिंब, टिंब, टिंब. आणखी दोघांना टिंबे मिळाली. मग पेन्सिल थांबली.

“कचरा टेकचंद सेलोकर,” सरांनी मोठ्याने वाचले आणि हसले. “ज्या घरी पोरीला धड नाव ठेवायचं सुचलं नाही, त्या घरी अभ्यास कोण घेणार?”

टिंब पडले नाही. पेन्सिल पुढे गेली.

मला त्या क्षणी तोंड असायला हवे होते. कारण ते नाव माझ्यात कसे आले, हे मला पक्के माहीत होते.

पाच वर्षांपूर्वी कचराची आई रुपा आणि आजी कौशल्याबाई तिला पहिलीत घालायला आल्या होत्या. तेव्हाच्या उषाबाई मॅडमही नाव ऐकून थबकल्या. पण त्यांनी विचारले. तेव्हा कौशल्याबाईंनी सांगितले, की रुपाची पहिली दोन लेकरे वर्षाच्या आत गेली. म्हणून ही झाली त्याच दिवशी आजीने तिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवले. शेजारच्या सुमनबाईंनी ‘कुणाचा तरी कचरा पडला आहे’ म्हणत तिला उचलले. मग आजीने मूठभर कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, देऊन आपली नात परत घेतली. जे टाकलेले असते त्याच्याकडे मरण वळून पाहत नाही, अशी इथल्या जुन्या बायकांची समजूत.

“कागदावर दुसरं छान नाव लिहू का?” मॅडमनी विचारले होते.

“नोको मॅडम,” कौशल्याबाई म्हणाल्या. “दुसरं नाव ठेवलं त मरनाले समजन का ह्या घरी लाडाची पोरगी हाये.”

मित्रांनो, माझ्या सातशे नावांत याच्याइतके लाडाचे नाव दुसरे नाही. उषाबाई मॅडमनी ते लिहिताना चष्मा काढून डोळे पुसले होते. त्या सेवानिवृत्त झाल्या आणि गोष्ट त्यांच्यासोबत गेली. मी उरले, पण मी मुकी वस्तू.

माझे कपाट पाचवीच्या वर्गातच आहे, त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले. टिंबवाली सहा मुले पहिल्या ओळीत बसली. कचरा शेवटी, दाराजवळ. हात तीच आधी वर करायची आणि सर योगेंद्रला विचारायचे. योगेंद्र बिचारा गुणी मुलगा, पण गणित म्हटले की त्याचे डोके दुखायचे. एकदा सरांनी अपूर्णांकाचे अवघड उदाहरण दिले. ते एकट्या कचराचे बरोबर आले. सरांनी तिची वही पाहिली आणि विचारले, “कुणाचं पाहून लिहिलंस?”

“कोनाचं पाहू सर? कोनाचंच बरोबर नाही ना,” ती म्हणाली.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. उद्धट आहे, असे मात्र त्यांनी ठरवून टाकले.

दिवाळीनंतर शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे वारे सुरू झाले. बसायचे असेल त्यांनी फोटो आणा, असे सरांनी सांगितले. कचरा बापाला धान कापणीची गडबड सोडायला लावून पवनीला घेऊन गेली. चुलतबहिणीचा निळा फ्रॉक घालून तिने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच ती सरांपुढे उभी.

“सर, माहा फोटू. माहा फारम भरान ना?”

“हो हो, भरतो,” सर म्हणाले. समोर मी उघडी पडले होते. त्यांनी फोटो माझ्या पानात, तिच्याच नावावर ठेवला आणि मला मिटले.

शाळा सुटल्यावर ती नाचत घरी गेली. कौशल्याबाईंनी तलावावर, दळणाच्या चक्कीवर, जिथे बाई भेटेल तिथे सांगितले, की आमची कचरा परीक्षेले बसून राहिली. कचरा उजाडायच्या आत उठून अभ्यास करू लागली. रुचिकाच्या जुन्या मार्गदर्शकातले एकूण एक उदाहरण तिने सोडवले. सगळे गाव तिच्या फॉर्मवर विश्वासून होते, आणि तिचा फोटो माझ्या पोटात पडून होता.

फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. सरांनी मोबाइलवर सहा फॉर्म भरले. चौथीच्या बाईंनी विचारले, “सहाच?”

“सहाच बसवू,” सर म्हणाले. “निकाल शंभर टक्के लागला पाहिजे.”

त्यांनी मला उघडलेसुद्धा नाही. फोटो हरवला असता तर सर विसरले असे मी म्हटले असते. पण आठवायलाही माणूस आधी मनात असावा लागतो. मी त्या रात्री कापराच्या वासानेही चिडले.

फेब्रुवारीत प्रवेशपत्रे आली. सरांनी एकेक नाव पुकारले. सहा झाली. कचरा उभीच राहिली.

“सर, माहं?”

“तुझा फॉर्म राहून गेला गं. आठवीत असते परीक्षा, तेव्हा बस.”

“पन तुमी हो म्हनले होते, सर.”

“तू फोटो दिला होतास का?”

मित्रांनो, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागला. कचराने माझ्याकडे बोट केले. “देल्ला होता. त्या रजिस्टरात ठेवला तुमी. मी पाहून राहिली होती ना.”

सरांनी मला उघडले. फोटो तिथेच होता. निळ्या फ्रॉकमधली कचरा सरांकडे पाहत होती. सरांनी मला चटकन मिटले. मी मिटले गेले, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रुपा आली. आरडाओरडा करायला नाही. कचरा रात्री जेवली नाही, एवढेच तिने सांगितले. “सर, माह्या पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा,” ती म्हणाली.

सर खुर्चीत चुळबुळले. मग म्हणाले, “हे पाहा, तुम्ही तिचं नाव बदलून घ्या. अर्ज करा, मी मदत करतो. अशा नावानं पोरीचंच नुकसान होतं. लोक नाव वाचूनच...” पुढचे शब्द त्यांनी गिळले.

मग रुपाने दोन गेलेल्या लेकरांचे, सुपाचे, मूठभर कनकीचे सगळे सांगितले. सर खाली पाहत ऐकत होते. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “मला माहीत नव्हतं.”

“इचारलं कुठं तुमी?” रुपा म्हणाली.

“तरी पण, नाव बदलून...”

“नाव नाही बदलवाचं,” कचरा आईच्या पाठीमागून पुढे आली. तिने सरांकडे सरळ पाहिले. “माह्या नावाचं काही चुकलं नाही, सर. मी वर्षभर तुमच्यापुढंच बसून होती. माहा फोटू वापस द्या.”

सरांनी मला उघडून फोटो काढायला घेतला. तीन महिने दाबून राहिल्याने त्याचा एक कोपरा शाईला चिकटला होता. ओढला तसा तो फाटून माझ्यातच राहिला. उरलेला फोटो घेऊन कचरा गेली. त्या रविवारी सहा मुले गाडीत बसून परीक्षेला गेली, तेव्हा ती तलावाच्या पाळीवर उभी होती, असे चौथीच्या बाईंनी सांगितले.

सोमवारी सरांनी खोडरबर घेऊन ती सहा टिंबे पुसली. पान चुरगळू नये म्हणून केवढी काळजी घेतली त्यांनी! कव्हर झटकले, नवा कापूर ठेवला. पण तो मायेचा हात मला आता सोसवत नाही. ज्याने माझा एकेक फाटका कोपरा जपला, त्याला माझ्यातले एक लेकरू जपता आले नाही. माझा विश्वासघात झाला आहे, मित्रांनो, आणि तो करताना मलाच हाताशी धरले गेले.

आता उन्हाळा लागला. इथली शाळा पाचवीपर्यंतच, म्हणून कचरा पुढच्या शिक्षणाला आसगावला जाईल. माझ्यातूनच तिचा दाखला उतरवला जाईल, आणि नव्या शाळेत तिच्या आधी तिचे नाव पोहोचेल. तिथेही कुणी पेन्सिल घेऊन बसले असेल का, या काळजीने मी पोखरले जात आहे.

म्हणून जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला वाळवी लागली तर खुशाल लागू द्या. माझे मागणे एवढेच, की जूनमध्ये तुमचे नवे सर किंवा मॅडम तुमची नावे वाचत बसलेले दिसले, तर दारातून धीटपणे हाक मारा आणि सांगा, “सर, रजिस्टर मिटा. आम्ही आलो आहोत.”