दुसऱ्या नंबरचा फोन

मुखो बंदराच्या मासळीबाजारात त्या दिवशी माल्सूनला गिऱ्हाईक नको होतं. पोरीचा फोन तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता. मासा कापता कापता ती पिशवी वर करून बघायची.

पोरगी हानब्योल डॉक्टरीच्या प्रतीक्षायादीत दुसरी होती. प्रवेश मिळालेल्यांतल्या दोघांनी जागा सोडली तर तिची पाळी येणार. सकाळी एक जागा सुटली होती. आज शेवटचा दिवस. कॉलेज स्वतः फोन करणार आणि येणार की नाही ते तिथल्या तिथं सांगायचं. उचलला नाही तर दोनतीनदा करून पुढच्या पोराला लावतात. हानब्योल तिसऱ्यांदा परीक्षेला बसली होती, चौथ्यांदा बसायचं बळ तिच्यात नव्हतं. "माझ्या हातात वाजला तर मी मरेन, आई," म्हणून फोन देऊन ती गल्लीतल्या बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन बसली होती.

शेजारच्या बोक्सूनवहिनींनी वाटी पुढं केली. "घे, पोटात काही टाक."

"शेवाळाचं सार? आज? अहो वहिनी, निकालाच्या दिवशी असलं बुळबुळीत खातात का? पोरगी घसरेल की माझी!"

"खाणार तू, घसरेल ती कशी?" वहिनी हसल्या, पण वाटी मुकाट्यानं मागं घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हानब्योलच्या घरून कोण बोलतंय? आधी खात्रीसाठी तिची जन्मतारीख सांगाल?" आवाज तरुण, गोड.

फोनवरच्या असल्याच गोड आवाजानं थंडीत माल्सूनच्या बहिणीचे बँकेतले पैसे लुबाडले होते. त्यानंही आधी जन्मतारीखच विचारली होती.

"तुझ्या आईची सांग, चोरा!" म्हणत तिनं फोन तोडला.

"कोण गं?"

"चोर मेला. पोरीचं नाव घेऊन..."

वहिनींची सुरी थांबली. "अगं, कॉलेजचा तर नव्हता?"

माल्सूननं हातमोजे ओरबाडून काढले, नंबर उलट लावला. लागेना. पलीकडं कुणाशी तरी बोलणं चालू होतं. कुणाशी? तिसऱ्या नंबरच्या पोराशी? ती बर्फाच्या पेटीवर बसली तरी गारठा कळेना. पोरीला काय सांगायचं? तुझ्या आईनं तुझी जागा शिवी देऊन घालवली?

फोन वाजला. बहीण होती. "ताई, आला का गं?"

"ठेव! ठेव आधी!"

पुन्हा वाजला. तोच आवाज, आता जरा बिचकलेला. "मघाशी मला कुणीतरी चोर म्हणालं."

"मीच. मीच ती बावळट." तिनं जन्मतारीख सांगितली, चुकली, परत सांगितली.

"एक जागा सुटली आहे. मुलगी येणार का?"

माल्सून फोनपुढं नुसती मान डोलवत राहिली. वहिनी कानाशी वाकून ओरडल्या, "अगं, बोल!"

"येणार! येणार, साहेब, येणार!"

"एकदा पुरे, काकू."

न्हाणीघराच्या दारातली बाई ओरडत राहिली, "बूट! अगं, बूट काढ!" माल्सून रबरी बुटांनिशी थेट गरम पाण्याच्या हौदापर्यंत गेली. वाफेत बसलेल्या बायांनी वळून पाहिलं. हानब्योलनं आधी ते बूट पाहिले, मग आईचा पांढराफटक चेहरा, आणि गुडघे पोटाशी घेतले.

"गेला ना नंबर? सांग, आई. गेला ना?"

माल्सूननं मान हलवली, नाही म्हणून. पोरीला ते उलटंच कळलं आणि ती हुंदके देऊ लागली. तेव्हा माल्सून कपड्यांनिशी हौदात उतरली, मासळीच्या वासाच्या हातांनी तिनं पोरीचं तोंड धरलं आणि एकदाचा तिला शब्द फुटला.

"लागला गं."