पंचवीस जिवंत अळ्या

उभ्या जन्मात मी डासाला दयामाया दाखवली नाही. पण आज सकाळी प्रयोगशाळेचा जिना चढताना मी पंचवीस अळ्यांसाठी देव पाण्यात ठेवले होते. जगा गं बायांनो, एवढा एकच दिवस जगा!

गेल्या वर्षी ताई डेंगीतून मरता मरता वाचली. तिच्या इमारतीमागे तुंबलेली टाकी आहे, तेव्हापासून ती मागची खिडकी उघडत नाही. आणि मी सीताफळाच्या बियांच्या अर्कामागे हात धुऊन लागले. अर्क टाकला की पाण्यातल्या अळ्या पटापट मरायच्या. पण मेल्यांनो, ज्या पेल्यात नुसतं पाणी, त्यातल्याही मरायच्या! मग अर्कानेच मेल्या हे सिद्ध कसं करायचं? दोनदा हेच झालं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "आता शेवटची संधी. पुन्हा असं झालं तर काम बंद."

मी नळाला शिव्या घातल्या, अळ्यांना घातल्या. परवा पेले घासताना बोटांना तेलकट लागलं. परत साबण लावला, तरी तेच! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. काटकसर म्हणून तेच प्लास्टिकचे पेले मी धुऊन धुऊन वापरत होते. काल अर्काला, आज साध्या पाण्याला. अर्कातलं तेल पेल्याला चिकटून राहायचं. चूक माझी, आणि शंख मात्र नळाच्या नावाने!

मग काल सगळे काचेचे कोरे पेले घेतले.

आत गेले. अर्काच्या पेल्यात पंचवीसच्या पंचवीस तळाशी, टोचलं तरी हलेनात. दुसऱ्या, नुसत्या पाण्याच्या पेल्यात बघायचा धीर होईना. शेवटी डोकावले. वळवळ! नुसती वळवळ!

"नाचा गं, नाचा!" मी किंचाळले. बाई धावत आल्या. त्यांनी मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. पंचवीस.

मी तेलकट पेल्यांची चूक कबूल केली. "म्हणजे धुतलेल्या पेल्यातला अर्काचा अंशसुद्धा मारत होता?" बाई हसायलाच लागल्या. "अगं, काम कसलं बंद करतेस! आता बाहेरचं पाणी शोध, खरंखुरं, घाणेरडं."

मी ताईला फोन लावला. "ताई, जिवंत आहेत गं, सगळ्या!" आणि मला रडूच फुटलं.

"डास जिवंत आहेत म्हणून रडतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझ्या इमारतीमागची टाकी अजून तशीच आहे ना? मी अर्क घेऊन येते."

ती म्हणाली, "ये. मी मागची खिडकी उघडते."