अंगठ्याविना टेस्टर

साड्यांच्या दुकानात खोक्यांच्या पिना उचकटायला ठेवलेली ती पिवळी, तोंड झिजलेली वस्तू पाहिलीत ना, मित्रांनो? तो मी. मी एक जुना टेस्टर आहे. माझ्या पोटात तांदळाएवढा लाल दिवा आहे. टोक वायरीला टेकवायचं, डोक्यावरच्या टोपीला अंगठा लावायचा; वीज असली की तो दिवा लागतो. माणसाचा अंगठा नसेल तर मी आंधळाच.

उत्तनच्या गेविनने मला भाईंदरच्या बाजारात घेतलं. घरची होडी होती, पण याला वेड विजेच्या कामाचं. काम सुरू करताना तो छातीवर क्रूस काढी, मग मला कपाळाला लावी. "हा खोटा बोलत न्हाय," असं गिऱ्हाइकांना सांगे. तेव्हा मला किती बरं वाटायचं!

भाईंदरलाच केबिन रोडवर ममताताईंचं साड्यांचं दुकान आहे. त्याच्या तळघराला त्यांनी नवंकोरं पांढरं छत करून घेतलं होतं. दसऱ्याच्या गर्दीआधी त्यात भोकं पाडून गोल दिवे बसवायचे होते. गेविनने त्या लाइनचा स्विच पाडला, अॅल्युमिनियमच्या शिडीवर चढून भोक पाडलं आणि मला आत सरकवलं. आत एका जुन्या जोडाची टेप सुटून तांबं उघडं पडलं होतं. माझा दिवा लागला. ती वायर निराळीच, वरच्या देव्हाऱ्याकडे जाणारी. तिथे नवरात्रभर देवीपुढे विजेचा दिवा अखंड ठेवलेला होता.

"ताई, ह्याच्यात करंट हाय," गेविन म्हणाला. "जरा मेन पाडू या."

"आज अष्टमी आहे, गेविन. आईपुढचा दिवा विझवू? तुझ्या चर्चमधला विझवशील?"

दुसऱ्याच्या देवाचा दिवा आपल्या हाताने कसा घालवायचा, हा संकोच गेविनला वीज खेळत असलेल्या तांब्याहून मोठा वाटला. तरी तो एक पायरी उतरला होता, मित्रांनो. मी पाहिलं.

"इतकी वर्षं काम करतोयस आणि अजून भितोस?" ताई हसल्या. "पायात रबरी चप्पल आहे ना?"

काउंटरवरची पायलही हसली. "गेविन अंकल डर गये, शिडी पकडू का?"

तो ती पायरी पुन्हा चढला. मला खिशात टाकलं आणि त्या उघड्या जोडाला टेप गुंडाळायला उजवा हात आत घातला. खिशात मी मुका होतो. त्याचं अंग ताठ झालेलं मला कळलं, एवढंच. पायल किंचाळली. ममताताईंनी धावत जाऊन स्वतःच्या हाताने मेन खाली ओढला. देवीपुढचा दिवा विझलाच. गेविन शिडीवरून खाली कोसळला आणि मी घरंगळत काउंटरखाली गेलो.

त्याला रिक्षातून नेल्यावर ताईंनी कपाटातून समई काढली. तेल घरात होतं, वातही होती. देवीपुढे क्षणात उजेड झाला.

गेविनचा जीव वाचला. अंगठा काळा पडला, तो काढावा लागला. उरलेलं काम दुसऱ्याने केलं, मेन पाडून.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी गेविन आला. ताईंनी मायेने विचारपूस केली, देवीनेच तुला राखलं म्हणाल्या आणि प्रसाद पुढे केला. त्याने डावा हात पसरला.

"उजव्या हातात घे रे," ताई सवयीने बोलून गेल्या.

त्याने उजवा हात पुढे केला. पेढा त्या हातात राहिना, फरशीवर पडला. पायलने खाली पाहिलं. हसलं कुणी नाही.

काउंटरखाली झाडताना मी सापडलो होतो; ताईंनी मला उचलून त्याच्यापुढे धरलं. "ठेवा, ताई. मला आता ह्याचा काय उपेग न्हाय."

तेव्हापासून मी पिना उचकटतो. वर गोल दिवे झळकतात, येणारं गिऱ्हाईक मान वर करून वाखाणतं. माझा दिवा पुन्हा लागला नाही.

मित्रांनो, छतात हात घालायची वेळ तुमच्यावर नव्हे, तुमच्या घरी आलेल्या कुणा गेविनवर येईल. तेव्हा टेस्टर लाल झाला तर त्याला खाली उतरू द्या, हसू नका. देवाला घटकाभराचा अंधार चालतो. आणि नसेलच चालत असं वाटलं, तर मेन पाडण्याआधी कपाटातली समई बाहेर काढा.