टेकडीवर राहिलेला चंदन

"पोरी, मोहाखालचा पाला झाडून घे वं. नाई तं झाड हातचं जाईन," शेजारची इतवारीबाई येता-जाता सांगत होती. मंजुषाने हसून टाळलं. फुलं पडतील तेव्हा आपण या जगातच नसणार, हे म्हातारीला कसं समजवायचं?

त्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, रीतच आहे. ज्या घरानं झाडाखालची जागा साफ केली, त्या मोसमाची फुलं त्या घरची. ते झाड मंजुषाच्या नवऱ्याच्या, चंदनच्या, आजोबापासून त्यांच्याकडे होतं. पण त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रफुल पास्टरने सांगितलं होतं, ईस्टरच्या पहाटे प्रभू येणार, हे जग संपणार. आता झाड धरून बसणं म्हणजे अविश्वास. मंडळीतल्या कोणीच पाला झाडला नाही. मंजुषा बी.ए. झालेली, मनात किंतू होताच. पण नवऱ्याला इतकं आनंदात तिने कधी पाहिलं नव्हतं.

ईस्टरला सगळे पांढरे कपडे घालून टेकडीवरच्या टिनाच्या प्रार्थनाघरापुढे उभे राहिले. भांडी वाटून टाकलेली, कोंबड्या देऊन टाकलेल्या. पूर्व उजळली, सूर्य वर आला आणि रोजच्यासारखा तापायला लागला. गाणं आधी मागच्या रांगेत थांबलं. कडेवरची रीता म्हणाली, "आई, भूक लागली." मंजुषाला वाटून टाकलेली भांडी आठवली. शिजवायचं कशात?

"तुमचाच विश्वास कमी पडला," पास्टर म्हणाला, आणि थोड्याच दिवसांत त्याचा फोन बंद झाला. मंडळी फुटली. कोणी जुन्या देवांकडे परतलं, कोणी तालुक्याच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसू लागलं. मोहाखालचा पाला टोल्यावरच्या लटारूने झाडला होता; आता त्याच्या घरचे टोपल्या भरत होते. लटारूची बायको मोठ्याने विचारायची, "काऊन वं मंजुषा, वर जागा नाई भेटली का?" आणि वरून ओंजळभर फुलं रीताच्या फ्रॉकमध्ये टाकायची.

चंदन मात्र टेकडी उतरलाच नाही.

"घरी चाल ना," प्रार्थनाघराच्या दारात उभी राहून मंजुषा म्हणाली.

"अन् तो आला तं?"

"आला तं घरी येईन. त्याले रस्ता माहीत नाई का?"

चंदन जरासा हसला. "सगळेच गेले, मंजू. इथी कोणीच नसलं तं त्याले वाटन, आपली वाट कोणी पाहिलीच नाई."

तिला चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

फुलं गेली म्हणजे पावसाळ्याची बेगमीच गेली. रीताला घेऊन ती बल्लारपूरला माहेरी आली. तिकडे इतवारीबाई चंदनला भात पोचवत होती, पण आता तिचे गुडघे धरले आहेत. टेकडीवर फोन लागत नाही. दारात गाडी थांबली की मंजुषा हातातलं काम टाकून उठते.

तुमच्यापैकी कोणी धानोऱ्याहून मुरूमगावच्या रस्त्याने जाणार असाल, तर टेकडीवर टिनाचं छप्पर दिसेल तिथे थांबा. वर जाऊन हाक मारा. मळक्या पांढऱ्या कपड्यातला माणूस बाहेर आला, तर त्याला शहाणपण शिकवू नका. जेवला का, एवढंच विचारा. आणि खाली टोल्यावर इतवारीबाईकडे मंजुषासाठी निरोप ठेवा, काहीही असो.