न गाळलेलं औषध

“त्रिशला, गाळल्याशिवाय कुणाला घोटभर पाणीबी देऊ नगंस. आणि दान दिलंस की कुणाचं नाव लिहून ठेवू नगंस गं.”

सासूबाई अंबुबाईंनी शेवटच्या आजारात सांगितलेलं, आणि त्रिशलाक्कांनी “व्हय” म्हणून शब्द दिलेला. चिकोडीजवळच्या त्या गावात दर अष्टमी-चतुर्दशीला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन आल्या की त्या ओसरीवर बसून सांधेदुखीची पूड फुकट वाटत. औषधदान. पूड करून देत ते निपाणीचे वैद्य गुंडाप्पा, आक्कांचे सख्खे थोरले भाऊ.

मागच्या साली औषध खात्याच्या निरीक्षक उपासना नमुना मागायला आल्या होत्या. तेव्हा आक्का हसून म्हणाल्या, “आम्ही काय विकतोय व्हय, बाई? दानाला कसला परवाना?” आणि नमुना न देताच, चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

आता शेजारची कांता बेळगावच्या दवाखान्यात होती. तोंड सुजलेलं, साखर चढलेली, हाडं ठिसूळ झालेली. डॉक्टरांनी तिच्याकडची आक्कांची पुडी तपासायला पाठवली. अहवाल घेऊन उपासनाच दारात आल्या. पुडीत स्टेरॉइड होतं.

आक्कांनी निपाणीला फोन लावला. “अण्णा, खरं सांग.”

“नुसत्या पाल्यानं गुण येईना गं. गोळ्या कुटून घातल्या. लोक चालाय लागलं, तुझंबी नाव झालं की. तू तरी कधी इचारलंस, काय घालतोस म्हणून?”

लहानपणी शेजारी बसवून णमोकार मंत्र शिकवला तो हाच अण्णा. आक्कांनी फोन ठेवला आणि पुडीचा डबा उचलला.

“चुलीत घालते. उद्यापासनं बंद.”

“गुपचूप बंद केलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतंल, आक्का,” उपासना म्हणाल्या. “वर्षभर घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडता येत न्हाय. डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू कमी करावं लागतं. घेणाऱ्यांची यादी द्या.”

“यादी न्हाय. दान घेणाऱ्याचं नाव लिहीत न्हाईत आम्ही.”

उपासनांची नजर माठावरच्या गाळण्याच्या फडक्याकडे गेली. “पाण्यातला जीव डोळ्याला दिसत न्हाय, तरी तुम्ही गाळताय. तपासणी म्हणजे औषधाचं गाळणंच की. फुकट दिलं म्हणून विषाचं औषध होत न्हाय, आणि झाडपाल्याचं म्हणून सगळं निर्धोकबी नसतं.”

आक्कांनी डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “कांता इचारत हुती, ह्यात काय असतंय. मीच म्हटलं, माझ्या अण्णाचं हाय, डोळं झाकून घे.”

वाचकहो, आपल्यातल्या किती जणांनी हेच वाक्य कुणाला तरी म्हटलं आहे! देणाऱ्यावर श्रद्धा जरूर असावी. पण तो देतो ते काय आहे, कुणी तपासलं आहे, हे विचारल्यानं श्रद्धा बाटत नाही. न विचारण्यानंच ती फसते.

डबा उपासनांच्या हवाली झाला. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून आक्कांनी नातवाची वही घेतली आणि आठवेल तसं एकेक नाव लिहीत गेल्या. सासूबाईंना दिलेला एक शब्द पाळायचा, तर दुसरा मोडावा लागणार होता.

यादीतल्या प्रत्येकाला पुडीत काय होतं ते सांगून डॉक्टरांकडे धाडायचं, आणि शेवटचं घर होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असा नियम घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. पहिलं घर गल्लीच्या टोकाचं, मनुबाईचं.